पेशीची झाडलोट आणि रात्रीचे जेवण

वाचकाचे पत्र (थोडक्यात) : माझे वय ६१, यजमानांचे ६८. आम्ही इंदूरला लोकमान्यनगरात राहतो. यजमानांना दहा वर्षांपासून मधुमेह आहे आणि दोन वर्षांपूर्वी कंपवाताचे, म्हणजे पार्किन्सनचे निदान झाले. सकाळी मेटफॉर्मिन व ग्लिमेपिराइड, आणि कंपवातासाठी दिवसातून तीनदा लेव्होडोपा चालू आहे. मुलगा बंगळूरला असतो. त्याने पाठवलेल्या व्हिडिओंत सांगितले होते की सोळा तास पोट रिकामे राहिले की ‘पेशींची कचरागाडी’ निघते आणि मेंदूत साचलेला मळ उचलून नेते. तेव्हापासून यजमानांनी रात्रीचे जेवण सोडले आहे. संध्याकाळी सहानंतर दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत फक्त पाणी. दीड महिन्यात वजन चार किलो उतरले. मागच्या गुरुवारी साडेअकराच्या सुमारास सदऱ्याचे बटण लावता लावता त्यांचा हात तिथेच थांबला, अंग घामाने भिजले आणि मी विचारले त्याला भलतीच उत्तरे देऊ लागले. मी साखरपाणी पाजले. नंतर मशीनवर पाहिले तर ५८ होते. मुलाने स्पर्मिडीनच्या कॅप्सूलची बाटली पाठवली आहे, आणि रॅपामायसिन नावाची गोळी मिळते का ते पाहतो म्हणाला. माझ्या सासूबाईंनी जन्मभर एकादश्या आणि चातुर्मास केले, तरी शेवटी त्यांना घरची माणसे ओळखू येत नव्हती. मग यात खरे काय? मी आयुष्यभर आग्रहाने वाढत आले, त्यामुळे यांचा आजार बळावला का? आणि तो मुलाला होईल का?

ताई, सप्रेम नमस्कार.

आपल्या प्रश्नांची उत्तरे क्रमाने द्यावीत असा या सदराचा रिवाज आहे, पण आज मी तो मोडतो, कारण गुरुवारची घटना थांबण्यासारखी नाही. ग्लिमेपिराइड हे औषध स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते. माणूस जेवला आहे की उपाशी आहे हे ते पाहत नाही. सकाळी आठला ती गोळी घेऊन बारापर्यंत काहीच न खाणे म्हणजे रक्तातली साखर खाली जाण्याची सोय स्वतःच्या हाताने करून ठेवणे होय. ७० च्या खालची साखर कमी समजतात आणि ५४ च्या खाली गेलेली गंभीर समजतात. आपण ५८ हा आकडा पाहिला तो साखरपाणी पाजल्यानंतर. म्हणजे बटणावर हात थांबला त्या क्षणी ती याहूनही खाली असणार. मेंदूचे मुख्य इंधन ग्लुकोज आहे, आणि ज्या मेंदूच्या भल्यासाठी हा उपास चालू आहे त्यालाच तो उपाशी ठेवत होता, हे मला स्पष्ट शब्दांत लिहिणे भाग आहे.

तेव्हा हा अंक हाती पडताच पहिली गोष्ट ही करा की उपास थांबवा, आणि मधुमेहाच्या डॉक्टरांना गुरुवारची वेळ, लक्षणे आणि आकडा फोनवर कळवा. मी चाळीस वर्षे जीवरसायनशास्त्र शिकवले आहे, रुग्ण तपासलेले नाहीत. ग्लिमेपिराइड कमी करायचे, बदलायचे की बंद करायचे हे तेच ठरवतील. तोवर पुन्हा असे झाले तर तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, पंधरा मिनिटांनी परत साखर मोजा आणि ती वर आली की काहीतरी खायला द्या. मात्र माणूस शुद्धीवर नसेल किंवा गिळू शकत नसेल तर तोंडात काहीही घालू नका, सरळ रुग्णालय गाठा. कंपवातात गिळणे मंदावलेले असू शकते, म्हणून ही गोष्ट आपण विशेष ध्यानात ठेवावी.

आता शास्त्राकडे वळतो. आपल्या चिरंजीवांनी पाहिलेल्या व्हिडिओत सगळेच खोटे आहे असे मी म्हणणार नाही, किंबहुना त्याचे मूळ अत्यंत सुंदर संशोधनात आहे आणि ते मी वर्गात नेहमी मन लावून शिकवीत असे.

पेशी स्वतःचेच जुने, मोडके भाग वेचून पचवते. या क्रियेला ‘ऑटोफॅजी’ म्हणजे स्वभक्षण हे नाव बेल्जियमचे शास्त्रज्ञ ख्रिश्चन द दूव यांनी १९६३ मध्ये दिले. पेशीतली पचनाची पिशवी, लायसोसोम, त्यांनीच १९५५ मध्ये शोधली होती आणि १९७४ चे नोबेल पारितोषिक त्यांना विभागून मिळाले. परंतु ही क्रिया चालवते कोण, हे कळायला आणखी तीस वर्षे गेली. जपानच्या योशिनोरी ओसुमी यांनी पाव फुगवणाऱ्या यीस्टवर काम केले. त्यांनी यीस्टचा असा वाण घेतला की ज्यात पचनाची विकरे (एन्झाइम) निकामी होती, आणि त्याला उपाशी ठेवले. गोळा होणारा माल पचेनासा झाला, तेव्हा तो माल भरलेल्या लहान लहान पिशव्या यीस्टच्या पोटात साचत गेल्या आणि साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसू लागल्या. हे काम १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढच्याच वर्षी त्यांनी या क्रियेला आवश्यक असलेल्या पंधरा जनुकांचा माग लावला, आणि २०१६ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक एकट्या त्यांना मिळाले. पिशव्या दिसल्या त्या पचन थांबल्यामुळे, ही बारीकशी गोष्ट आपण लक्षात ठेवा. पुढे तिचे काम पडणार आहे.

त्या जनुकांपासून बनणारी प्रथिने माणसाच्या पेशींतही जवळजवळ तशीच आहेत. त्यांचे काम एखाद्या मोठ्या स्वयंपाकघरातल्या वाटणीसारखे चालते. सगळ्यांच्या वर ‘एमटॉर’ हे प्रथिन बसलेले असते. जेवणातून अमिनो आम्ले आली, इन्शुलिन वाढले, की एमटॉर जागे होते, पेशीला वाढीच्या कामाला लावते आणि ‘यूएलके१’ नावाच्या दुसऱ्या प्रथिनावर फॉस्फेटचा एक कण चिकटवून त्याला जागच्या जागी बांधून ठेवते. ऊर्जा कमी पडली की ‘एएमपीके’ हे तिसरे प्रथिन पुढे येते. ते एमटॉरला आवरते आणि त्याच यूएलके१ वर, पण वेगळ्या जागी, फॉस्फेट लावून त्याला मोकळे करते. एकाच प्रथिनावर एका जागी लागलेला कण बंधन ठरतो आणि दुसऱ्या जागी लागलेला तोच कण मोकळीक ठरतो, हे २०११ मध्ये उलगडले. यूएलके१ मोकळे झाले की ‘बेक्लिन-१’ आणि त्याचे सोबती पेशीत एक जागा नेमून देतात, तिथे दुहेरी पडद्याची एक वाटी वाढू लागते, आणि ‘एटीजी’ गटातली प्रथिने त्या पडद्यावर ‘एलसी३’ हे प्रथिन टाचून बसवतात. काय उचलायचे हे ‘पी६२’ सारखी प्रथिने ठरवतात: त्यांचा एक हात टाकाऊ मालावरच्या युबिक्विटिन नावाच्या खुणेला धरतो आणि दुसरा हात एलसी३ ला. वाटी मिटून पिशवी होते, पिशवी लायसोसोमला जाऊन मिळते, आणि आतला माल विकरांनी फोडून त्यातली अमिनो आम्ले पेशीला परत दिली जातात.

ही शेवटची गोष्ट मोलाची आहे. आपले शरीर दिवसाला सुमारे दोनशे ते तीनशे ग्रॅम प्रथिने स्वतःचीच मोडून पुन्हा बांधते, आणि जेवणातून येतात ती त्या मानाने पुष्कळच कमी. प्रथिने मोडण्याचे पेशीत आणखीही मार्ग आहेत, पण स्वभक्षण हा त्यांतला मोठा मार्ग आहे. २००४ मध्ये जपानमध्ये एटीजी५ हे जनुक काढून टाकलेले उंदीर जन्माला घातले गेले. पिल्ले वरकरणी धड दिसत होती, पण नाळ तुटल्यावर आणि आईचे दूध नीट सुरू होईपर्यंतच्या काळात अंगातल्या साठ्यावर तगून राहण्याची जी कला लागते ती त्यांना साधली नाही, आणि ती एका दिवसाच्या आत दगावली.

उपासाशी संबंध आहे तो या पहिल्या कामाचा, म्हणजे उपासमारीत तग धरण्याचा. सफाई हे दुसरे काम आहे, आणि ते माणूस जेवलेला असो वा नसो, मंद गतीने चोवीस तास चालू असते. हे २००६ मध्ये दोन जपानी गटांनी दाखवले. त्यांनी उंदरांच्या केवळ चेतापेशींतून (मेंदू व मज्जातंतूंच्या पेशींतून) एटीजी५ किंवा एटीजी७ हे जनुक काढले, त्या उंदरांना पोटभर खायला घातले, दुसरा कोणताही रोग दिला नाही; तरी त्यांच्या चेतापेशींत प्रथिनांची ढेकळे साचली, चाल बिघडली आणि पेशी मरू लागल्या. यकृताची किंवा कातडीची पेशी विभागते तेव्हा साचलेला मळ दोन पेशींत वाटला जाऊन निम्मा होतो. चेतापेशीला ती सोय नाही. जी जन्मापासून मिळाली तिच्यातच साठ-सत्तर वर्षे झाडलोट करत राहावे लागते.

व्हिडिओतल्या सोळा तासांचे काय? तो आकडा माणसाच्या मेंदूवर मोजलेला नाही. उंदरांना चोवीस किंवा अठ्ठेचाळीस तास उपाशी ठेवले की यकृतात आणि स्नायूंत या पिशव्या ठळकपणे वाढतात, यात शंका नाही. पण उंदराचा चयापचय आपल्याहून कितीतरी वेगवान असतो, एका दिवसाच्या उपासाने त्याचे वजन चांगलेच उतरते, आणि त्याच्या तासांचा हिशेब माणसाला लावता येत नाही. मेंदूबाबत तर उंदरांतही एकमत नाही: २००४ च्या एका गाजलेल्या प्रयोगात उपाशी उंदरांच्या मेंदूत ही वाढ दिसली नाही, २०१० च्या दुसऱ्या प्रयोगात काही विशिष्ट चेतापेशींत ती दिसली. जिवंत माणसाच्या मेंदूत स्वभक्षण किती चालले आहे हे सांगणारी रक्ताची कोणतीही तपासणी आज दवाखान्यात उपलब्ध नाही. म्हणून ‘सोळाव्या तासाला गाडी निघते’ हे विधान कोणी कितीही ठामपणे केले तरी आपण ते स्वीकारू नये.

कचरागाडीचा दाखला मात्र मी टाकून देणार नाही, कारण आपण इंदूरकरांना तो नुसत्या गाडीपुरता ठाऊक नाही. सकाळी दारात गाडी येते, आपण ओला आणि सुका कचरा वेगवेगळा टाकतो, आणि ओला कचरा पुढे देवगुराडियाला जातो. तिथे फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झालेला बायो-सीएनजीचा कारखाना रोज साडेपाचशे टन ओल्या कचऱ्यासाठी बांधला गेला आणि तो त्यापासून वाहनांचे इंधन करतो. आता कल्पना करा की कारखाना पंधरा दिवस बंद पडला आहे. गाड्या दुप्पट केल्या तर शहर स्वच्छ होईल का? भरलेल्या गाड्या फाटकाबाहेर रांगेत उभ्या राहतील आणि दुर्गंधी तिथून सुरू होईल. पेशीत गाडी म्हणजे ती दुहेरी पडद्याची पिशवी, आणि कारखाना म्हणजे लायसोसोम. ओसुमींना पिशव्या दिसल्या त्याही कारखाना बंद असल्यामुळेच. अल्झायमरने गेलेल्या रुग्णांच्या मेंदूचे बारीक परीक्षण झाले तेव्हा आजारी चेतापेशींत अशा अर्धवट पचलेल्या पिशव्या खच्चून भरलेल्या आढळल्या. गाड्या निघाल्या होत्या, त्या रिकाम्या होत नव्हत्या. आपल्या सासूबाईंचा विकार नेमका कोणता होता ते आपण लिहिलेले नाही, म्हणून त्यांच्याविषयी निदान मी करू शकत नाही. एवढे मात्र सांगतो की साबुदाणा, वऱ्याचे तांदूळ आणि शेंगदाणे ज्या पानात असतात त्या उपासाला पेशी उपास म्हणून ओळखत नाही, कारण पिष्ट पोटात गेले की इन्शुलिन वाढते आणि एमटॉर जागेच राहते. त्यांच्या एकादश्यांचे मोल श्रद्धेच्या हिशेबात होते आणि ते तिथे पूर्ण आहे. त्यांचा आजार हे उपास कमी पडल्याचे लक्षण नव्हते.

वय वाढते तसे नेमके काय बिघडते, याचे एकच उत्तर नाही, पण दोन प्रथिनांची नावे मी आवर्जून सांगेन. काही खराब प्रथिने पिशवीत न भरता एकेकटी लायसोसोमच्या दारातून आत ओढली जातात. त्या दाराचे प्रथिन म्हणजे ‘लॅम्प-२ए’. म्हाताऱ्या उंदरांच्या यकृतात ही दारे कमी होत जातात. २००८ मध्ये आना मारिया कुएर्वो यांच्या प्रयोगशाळेने वृद्ध उंदरांच्या यकृतात हे प्रथिन तरुणपणीच्या पातळीवर टिकवून धरले, तेव्हा ते यकृत अधिक स्वच्छ राहिले आणि चांगले काम करू लागले. दुसरे प्रथिन ‘रुबिकॉन’: ते पिशवी आणि लायसोसोम यांच्या मिलनाला लगाम घालते, आणि वयाबरोबर ते वाढते असे कृमी, फळमाशी आणि उंदीर या तिन्हींत २०१९ मध्ये ओसाकाच्या शास्त्रज्ञांना आढळले. म्हणजे म्हातारपणी एक दार अरुंद होते आणि एक लगाम घट्ट होतो. दोन्ही बिघाड शेवटच्या टप्प्याचे आहेत, गाडी निघण्याचे नाहीत. यजमानांनी अठरा तास उपाशी राहून ज्याला हात घालू पाहिला तो टप्पा बहुधा मुळात अडलेलाच नव्हता, हे मला सर्वात तळमळीने सांगायचे आहे.

कंपवातात हेच अधिक ठसठशीत दिसते. या विकारात ‘अल्फा-सायन्युक्लिन’ नावाचे प्रथिन चेतापेशींत गोळे धरते. निरोगी स्थितीत त्यातले बरेचसे लॅम्प-२एच्या दारातून आत जाऊन पचते. त्याचे बिघडलेले प्रकार मात्र त्या दाराला घट्ट चिकटतात आणि इतरांचीही वाट अडवतात, असे २००४ मध्ये दिसून आले. लायसोसोमच्या आत काम करणाऱ्या एका विकराच्या ‘जीबीए१’ या जनुकात दोष असेल तर कंपवाताचा धोका वाढतो, ही गोष्टही त्याच दिशेला बोट दाखवते.

मुलाच्या काळजीचे उत्तर इथेच येते, म्हणून आणखी दोन प्रथिनांची ओळख करून देतो. पेशीतली ऊर्जाकेंद्रे म्हणजे मायटोकॉन्ड्रिया. धडधाकट मायटोकॉन्ड्रिया ‘पिंक१’ या प्रथिनाला आत ओढून घेतो आणि तिथे कापले गेल्यावर ते लगेच नष्ट होते. मायटोकॉन्ड्रियाचा विद्युतभार ढासळला की त्याची आत ओढण्याची ताकद जाते, पिंक१ बाहेरच्या पृष्ठभागावर साचते आणि ‘पार्किन’ या दुसऱ्या प्रथिनाला बोलावते. पार्किन त्या निकामी केंद्रावर युबिक्विटिनच्या खुणा लावत सुटते, आणि ते अख्खे केंद्र पिशवीत भरले जाते. पार्किनचे जनुक १९९८ मध्ये जपानी कुटुंबांत सापडले आणि पिंक१ चा कंपवाताशी संबंध २००४ मध्ये. परंतु या दोन जनुकांमुळे होणारा कंपवात सहसा तरुणपणी, बहुतेकदा चाळिशीच्या आतबाहेर सुरू होतो, आणि त्यासाठी आई व वडील अशा दोघांकडून बिघडलेली प्रत यावी लागते. आपल्या यजमानांना तो सहासष्टाव्या वर्षी झाला. या वयात सुरू होणाऱ्या बहुतेक रुग्णांत कोणतेही एक जनुक कारणीभूत सापडत नाही. घराण्यात दुसऱ्या कोणाला, विशेषतः तरुण वयात, हा आजार झालेला नसेल तर मुलाने त्याची भीती उराशी धरून जगू नये.

रॅपामायसिनविषयी मला थोडे सविस्तर लिहावेसे वाटते, कारण एमटॉरच्या ‘टॉर’मध्ये त्याचेच नाव दडलेले आहे: ‘टार्गेट ऑफ रॅपामायसिन’, म्हणजे रॅपामायसिन ज्याला आवरते ते लक्ष्य. १९६४ मध्ये ईस्टर बेटावर, ज्याला तिथले लोक रापा नुई म्हणतात, एक वैद्यकीय मोहीम गेली होती. तिने आणलेल्या मातीतल्या जिवाणूपासून भारतीय वंशाचे संशोधक सुरेंद्रनाथ सहगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मॉन्ट्रिऑल येथे १९७२ मध्ये हे द्रव्य वेगळे केले. पुढे प्रयोगशाळा हलवली जात असताना त्यांनी ते जिवाणू आपल्या घरच्या फ्रीजरमध्ये जपून ठेवले, म्हणून ते वाचले. १९९९ मध्ये अमेरिकेत ते सिरोलिमस या नावाने मूत्रपिंड-रोपणानंतरचे औषध म्हणून मंजूर झाले. रोपण केलेले मूत्रपिंड शरीराने नाकारू नये यासाठी ते प्रतिकारशक्ती दाबते. हेच त्याचे मुख्य मान्य काम आहे. २००९ मध्ये असे दिसले की सहाशे दिवसांच्या, म्हणजे माणसाच्या हिशेबात साठीला टेकलेल्या उंदरांना ते दिले तरी त्यांचे आयुष्य वाढते, आणि तेव्हापासून हे नाव सर्वतोमुखी झाले. पण त्याच औषधाने तोंडात व्रण येतात, जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, रक्तातली चरबी वाढते आणि साखरही वाढू शकते. मधुमेही, वजन उतरत असलेल्या, कंपवाताच्या रुग्णाला ते घरच्या घरी देण्याचा विचारही करू नये. कंपवातात ते उपयोगी पडते असे माणसांवर सिद्ध झालेले नाही.

स्पर्मिडीन हे गव्हाच्या अंकुरात आणि सोयाबीनमध्ये नैसर्गिकरीत्या असते आणि प्रयोगशाळेतल्या प्राण्यांत ते स्वभक्षण वाढवते. कंपवातावरचा उपचार म्हणून त्याला मान्यता नाही. बाटली तूर्त बंद ठेवा आणि पुढच्या भेटीत तिच्यावरचे लेबल डॉक्टरांना दाखवा.

स्वभक्षण जितके जास्त तितके चांगले, हा समजही बरोबर नाही. बेक्लिन-१ ची एक प्रत कमी असलेल्या उंदरांना गाठी अधिक होतात, म्हणजे ही क्रिया कर्करोगापासून राखते. पण गाठ एकदा वाढीला लागली की तिच्यातली कर्करोगाची पेशी याच क्रियेचा आधार घेऊन उपासमारीत जगते, आणि म्हणून काही कर्करोगांत ही क्रिया थांबवून पाहण्याचे प्रयोग चालू आहेत. हिवतापावरचे आपल्या ओळखीचे क्लोरोक्विन लायसोसोमची आम्लता घालवून ती थांबवते. ज्या क्रियेला काही रुग्णांत चालना द्यावी आणि काहींत रोखावी लागेल, ती घड्याळ लावून घरी हाताळण्याजोगी नाही.

मग घरी काय करावे? चालावे, हे माझे उत्तर आहे, आणि ते केवळ सांगायचे म्हणून सांगत नाही. बेक्लिन-१ ला ‘बीसीएल२’ नावाचे प्रथिन एरवी धरून ठेवते. २०१२ मध्ये पट्ट्यावर धावणाऱ्या उंदरांत असे दिसले की व्यायामाने ही पकड सुटते आणि स्नायूंत स्वभक्षण वाढते. २०१८ मध्ये ही पकड जन्मतःच सैल असलेले उंदीर इतरांहून अधिक काळ आणि अधिक निरोगी जगले. माणसाच्या मेंदूत असेच घडते असे म्हणण्याइतका पुरावा नाही, पण कंपवाताच्या रुग्णाची चाल, तोल आणि ताकद नियमित व्यायामाने सुधारते हे रुग्णांवरच पुन्हा पुन्हा दिसले आहे, आणि त्यासाठी उपाशी राहावे लागत नाही. सकाळी उन्हे चढण्यापूर्वी आपण दोघे मिळून बागेत जा, लांब पावले टाकायला सांगा, हात हलवायला सांगा. जाण्यापूर्वी साखर मोजा आणि खिशात साखरेची पुडी असू द्या. घरी परतल्यावर पोह्यांची बशी पुढे ठेवताना मनात अपराध वाटून घेऊ नका.

जेवणाची एक बाब मात्र खरोखर पाळण्यासारखी आहे आणि व्हिडिओत ती बहुधा आलेली नसेल. लेव्होडोपा हे स्वतः अमिनो आम्लच आहे. डाळ, पनीर, अंडी यांतून येणारी अमिनो आम्ले आतड्यातून आणि पुढे मेंदूत शिरताना त्याच्याशी एकाच वाटेवर गर्दी करतात, आणि काही रुग्णांत गोळीचा परिणाम त्यामुळे उशिरा किंवा कमी जाणवतो. म्हणून ती गोळी जेवणाच्या सुमारे अर्धा तास आधी किंवा जेवणानंतर तासाभराने घेण्यास सांगतात. प्रथिने कमी करायची नसतात, वेळ बदलायची असते. एक वही करून तीत गोळीची वेळ, जेवणाची वेळ, हात मोकळे कधी चालतात आणि कधी जड होतात, आठवड्याचे वजन आणि साखरेचे आकडे लिहीत जा. चेताविकारांच्या डॉक्टरांना अशी पंधरा दिवसांची वही कोणत्याही व्हिडिओपेक्षा अधिक उपयोगी पडेल. दीड महिन्यात उतरलेले चार किलो हेही त्यांना मुद्दाम सांगा. कंपवातात वजन आणि स्नायू मुळातच घटत असतात, आणि उभे राहताना रक्तदाब उतरून भोवळ येण्याचा त्रासही अनेकांना असतो, जो उपाशीपोटी आणि पाणी कमी झाल्यास वाढतो.

आता आपला तो प्रश्न, जो आपण पत्रात सर्वात शेवटी आणि बारीक अक्षरात लिहिला आहे. आपण आग्रहाने वाढलेल्या अन्नामुळे यजमानांचा कंपवात झाला नाही आणि बळावलाही नाही. सहासष्टाव्या वर्षी दिसू लागलेल्या या आजारात चेतापेशींची हानी निदानाच्या कित्येक वर्षे आधीच सुरू झालेली असते, आणि ती पोळीच्या एका घासाने सुरू होत नाही किंवा थांबतही नाही. गुरुवारी आपण क्षणात ओळखून जे साखरपाणी पाजले, ते त्या दीड महिन्यात त्यांच्या मेंदूसाठी घरात झालेले सर्वात योग्य काम होते.

चिरंजीवांवर रागावू नका; बाप हळूहळू थिजत चाललेला दुरून पाहणाऱ्या मुलाला काहीतरी करून पाहावेसे वाटणारच. त्याला हे उत्तर वाचायला द्या आणि पुढच्या भेटीच्या वेळी फोनवर डॉक्टरांशी बोलायला सांगा. आणि आजपासून यजमानांचे रात्रीचे पान पूर्वीच्या वेळेला मांडा. लेव्होडोपाची त्या वेळची गोळी डॉक्टरांनी सांगितली असेल त्याप्रमाणे आधी, अर्ध्या तासाने वरण, भात, भाजी आणि एक पोळी, आणि झोपण्यापूर्वी एकदा साखर मोजून वहीत आकडा लिहा.

आपला स्नेहाकांक्षी,
सदरलेखक